बघायला पैसे पडत नाहीत

मला फक्त एक परकर हवा होता.
मरून. सुती. नाडीचा.
म्हापशाचा शुक्रवार, चारचं ऊन,
हरमलच्या मिरच्या पिशवीत पडलेल्या,
आणि अंधाराआधी घर गाठायचं होतं.

उंबऱ्यावर पाय पडतो न पडतो
तोच उल्हासनं मला "वहिनी" केलं
(नाव खिशावर शिवलेलं होतं),
चपला काढायला लावल्या, गादीवर बसवलं,
कोकम सोडा मागवला.
परकर म्हटलं तर म्हणाला,
"परकर आहेच हो, परकर कुठं पळतोय?
आधी साडी तर बघा. बघायला पैसे पडत नाहीत."

मनगटाचा एक झटका,
आणि साडेपाच मीटर माझ्या गुडघ्यांवर येऊन निजले.
दुसरी. तिसरी. इरकल. नारायणपेठ.
"ही आपली कुणबी, गोंयची, आता फॅशन आहे."
माझ्या सासूनं हीच नेसून पन्नास वर्षं शेणी थापल्या,
फॅशन आहे हे तिला कुणी सांगितलं नाही.

"नको."
"नको म्हणा, पण बघून म्हणा."
नकोला त्याच्याकडे चौदा उत्तरं होती.
मला सगळी पाठ होती.

लग्नाआधी सात वर्षं मी मडगावात,
न्यू मार्केटच्या एका बोळात, हेच बोलत उभी होते.
उभी म्हणजे उभी. स्टूल फक्त शेटाला.
पहिल्याच दिवशी शिकवलं होतं:
गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघू नकोस, हाताकडे बघ.
तोंड नको म्हणतं, बोटं काठ चाचपतात.
रिकाम्या हातानं उतरणारं प्रत्येक गिऱ्हाईक
शेट मोजायचा,
आणि संध्याकाळी आकडा आमच्या नावावर.

मी बोटं पदराखाली घेतली.
उल्हासनं ते पाहिलं
आणि पंधरावं उत्तर शोधायला
जरा वेळ लावला.

मागं कपाटाला टेकून एक पोरगी उभी होती,
केरीची की मोर्लेची, सत्तरीकडची कुठली तरी.
ढिगाकडे बघत होती. मोजत होती.
बघायला पैसे पडत नाहीत हे खरं,
घड्या पडतात.
सतरा साड्या, काठावर काठ, पदर आत,
आणि सांखळीची शेवटची कदंब
कुणाच्या काठासाठी थांबत नाही.

मी एक ओढली. टोक हनुवटीखाली धरलं, हात लांब केले.
वीस वर्षांत हात काही विसरले नव्हते.
"अहो वहिनी, तुमी कित्याक?" उल्हास ओरडला.
पोरगी हसली नाही.
दुसरं टोक मात्र धरलं.

आठवी की नववी घडी चालू असताना
शेजारच्या बाईनं, कोण कुठली, चष्मा कपाळावर,
सहज विचारलं, "हा रंग दिसेल का हो मला?"
मोरपंखी. बोटं काठावर.

आणि माझ्या तोंडून, नाडी ओवल्यासारखं, सरळ आलं:
"खांद्यावर टाकून तर बघा. खुलतोय.
घेऊन टाका, शेवटचा नग आहे."

शेवटचा नग. मला काय माहीत?

दोन हजार तीनशे. तिनं मोजून दिले,
वीसच्याही नोटा होत्या त्यात.
उल्हासनं परकराचे दहा रुपये कमी केले.
शेटानं स्टुलावरूनच विचारलं, रोज येणार का.

बसमध्ये ती नेमकी माझ्या पुढच्या बाकावर.
पिशवीचं तोंड उघडते, आत बघते, मिटते.
करासवाडा गेला. थिवी गेली.
पुन्हा उघडते. या वेळी टोक बाहेर काढते,
खिडकीतल्या उजेडात धरते,
शेजारी आपला हात ठेवते, उलटा, मग सुलटा.

मी मिरच्यांच्या पिशवीत मान घालून बसलेय.
दुकानात चार ट्यूबलाइटी होत्या.
त्यांच्याखाली कुणालाही काहीही खुलतं.

मागं वळू नकोस, बाई.

वळलीच.